दत्तूकाकाची घरं

नील, तू तिकडे शनिवारी ज्या घरी मदतीला जातोस त्याचं वर्णन मला फार आवडलं. निरनिराळ्या कुटुंबांतून आलेली मोठी माणसं एकत्र राहतात, कुणाला बोलता येत नाही, कुणाला भरवावं लागतं, आणि प्रत्येकाच्या खोलीच्या दाराला ज्याने त्याने निवडलेला रंग आहे. मग तू विचारलंस, "आजी, आपल्याकडे पूर्वी अशी घरं होती का?" मी उत्तर देण्याआधीच तुझी आई म्हणाली, की आपल्याकडे अशा घरांची गरजच नव्हती, एकत्र कुटुंबात सगळे सामावून जायचे. फोनवर भांडायचं नाही असा माझा नियम आहे, म्हणून मी गप्प बसले. पण तेव्हापासून मी मनातून चिडलेली आहे. तुझ्या आईवर नाही. तिला जे सांगितलं गेलं ते ती बोलली. इथे आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळातही कुणी ना कुणी उठून हेच व्याख्यान देतं आणि सगळे माना डोलावतात. होती, नील. आपल्याकडे अशी घरं होती. माझा सख्खा काका तशा तीन घरांत राहिला, आणि ज्या घरात तो जन्मला तिथे मात्र त्याला जागा नव्हती. तुझ्या बहिणीला, रेवालाही, हे वाचून दाखव. तिचं मराठी कच्चं आहे, म्हणून मी सोपं आणि क्रमाने लिहिते आहे.

आम्ही मूळचे हसनाबादचे. शेती तिकडे होती, पण माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, निजामाच्या कोर्टात वकिली करत, त्यामुळे आमचं बिऱ्हाड जालन्यात मस्तगडला होतं. अण्णांच्या आईला सगळं घर 'बाई' म्हणायचं. ती बुटकी, काळीसावळी, खणखणीत आवाजाची होती आणि तिच्या हाताखाली माझी आई स्वयंपाक करायची. आमच्या भिंतीला भिंत लागून हमीदाखालांचं घर. त्यांचे यजमान शिंपी होते, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांच्या मशीनची खडखड आमच्या माजघरात ऐकू यायची आणि आमच्या जात्याची घरघर त्यांच्या ओसरीवर. सकाळी अजान, मग जातं, मग जिनिंगचा भोंगा, या क्रमाने आमचा दिवस उजाडायचा. येसर, म्हणजे आमटीत घालायचं मसाल्याचं पीठ, भाजायला घेतलं की खाला भिंतीवरून हाक मारायच्या, "भाबी, आज छींकाँ मारने का दिन है क्या?" आणि बाई इकडून ओरडायची, "वाटी घेऊन ये, शिंका थांबतेल!" तिची येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि कांदा यांच्यापुढे मला आजही दुसरं काही सुचत नाही. तुमच्या आजोबांनी मला हैदराबादेत आणि पुढे मुंबईत पुष्कळ चांगलंचुंगलं खाऊ घातलं, पण येसर ते येसर.

दत्तूकाका हे बाईचं शेंडेफळ. अण्णांच्या आणि त्याच्या वयात इतकं अंतर होतं, की अनोळखी माणूस त्याला अण्णांचा मुलगा समजायचा. त्याला काय झालं होतं ते आजचा डॉक्टर एका शब्दात सांगेल. तेव्हा लोक चांगल्या मनःस्थितीत असले की त्याला 'भोळा' म्हणायचे आणि चिडले की 'येडा'. त्याला थोडे शब्द यायचे आणि ते तो जपून वापरायचा. धोतर नेसवून द्यावं लागायचं, पण भाकरी त्याची तो खायचा, आणि कुणाचं लेकरू रडलं की आपलं हातातलं सगळं त्याच्यापुढे नेऊन ठेवायचा. त्याला एकाच कामाची गोडी होती, ती म्हणजे दळण. आई आणि बाई जात्यावर बसल्या की तो तिसरा जाऊन बसायचा, खुंट्याला हात घालायचा, आणि त्यांच्या ओव्यांखाली आपला एकच सूर लावून धरायचा. तो दळायला असला की जातं हलकं व्हायचं. आई म्हणायची, "भाऊजी आले की मला हात नुसता ठेवायला लागतो." बायकांना आराम होता, त्याला आनंद होता, कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण पुरुषमाणूस जात्यावर बसतो ही गोष्ट अण्णांना सहन व्हायची नाही. पक्षकार आले की ते माजघराचं दार लोटून घ्यायला सांगायचे.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला परभणीकडचे लोक आले तेव्हा ते दार कुणीतरी लोटायचं विसरलं. पाहुणे बैठकीवर बसलेले, अक्का मान खाली घालून समोर, आणि मधल्या दारातून दत्तूकाका आला. केसांत पीठ, भुवयांवर पीठ, ओंजळीत ताजं गरम पीठ. आपण दळलेलं दाखवायला आणलं होतं त्याने. सरळ मुलाच्या बापापुढे जाऊन उभा राहिला आणि हसून म्हणाला, "घ्या." एवढंच. पाहुण्यांनी चहा संपवला, गोड बोलून गेले, आणि पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. घरात कुणी दत्तूकाकाला मारलं नाही, रागावलंही नाही. मला तर वाटतं रागावले असते तर बरं झालं असतं. अण्णांनी नुसतं ठरवलं. महिन्याच्या आत ते त्याला बैलगाडीत घालून वडीगोद्रीच्या अंगाला एका मठात ठेवून आले. तिथे अशी आणखीही माणसं होती, कुणी वेडसर, कुणी आंधळं, आणि त्यांच्या घरचे वर्षाला धान्य पोचवायचे. निघताना बाईने त्याच्या शिदोरीत धपाटे बांधले. तिला सांगितलं होतं, की देवाच्या दारी राहून त्याचं डोकं सुधारेल.

हे त्याचं पहिलं घर. बाई एकदाच तिथे जाऊन आली आणि आल्यावर जेवली नाही. माझी आई तिच्यासमोर ताट ठेवून बसली होती, मी बाजूला होते. बाई म्हणाली, "गुराचं शेण काढून राह्यलंय माझं पोर. पायाला दोर हाये. महंत म्हनतो, जत्रेत हरवंल म्हनून बांधतो. जत्रा कवाची संपली!" अण्णा ओसरीवरून म्हणाले, "बाई, तिथं शिस्त आहे, घरी ती नव्हती." मला त्या वेळी शिस्त हा शब्द चांगला वाटत होता, शाळेत मला तिच्याबद्दल बक्षीस मिळालं होतं. पुढे मी शिक्षिका झाले, पण मुलींपुढे तो शब्द वापरताना दर वेळी अडखळले.

त्यानंतर एका पावसाळ्यात मठातून माणूस आला. दत्तू गंगेवर गेला होता, परत आला नाही. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. अण्णा गेले, काठाने हिंडले, शहागडच्या कोळ्यांना विचारलं, आणि एक धोतर घेऊन परत आले. ते दत्तूकाकाचंच होतं असं ते म्हणाले. बाईने ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि बाजूला ठेवलं. "धोतर सापडलं म्हंजी पोर बुडालं व्हय? त्याला नेसता येत न्हाई, सोडता तर येतं."

आता इथे तुम्हांला एक रीत सांगायला हवी. माणूस बेपत्ता झाला आणि देह मिळाला नाही, तर पळसाच्या देठांचा माणसाएवढा सांगाडा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, वर पीठ लिंपतात, आणि त्या बाहुल्याला अग्नी देऊन सगळी क्रिया करतात. पण त्यासाठी पुष्कळ वर्षं वाट पाहायची असते. आमचे गुरुजी तसं स्पष्ट म्हणाले. अण्णांनी ओसरीवर त्यांच्याशी युक्तिवाद केला: धोतर हा पुरावा आहे, मठातला माणूस साक्षीदार आहे, मग थांबायचं कशाला? कोर्टात समोरच्या वकिलाने असला पुरावा आणला असता तर अण्णांनी तो उभा फाडला असता. घाईचं कारण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अक्काला औरंगाबादहून नवीन स्थळ सांगून आलं होतं, आणि धाकटा भाऊ भोळसट आहे यापेक्षा धाकटा भाऊ गंगेत गेला हे सांगायला सोपं होतं. बाहुला जळाला. मी तो पाहिलेला नाही, मुलींना नेत नाहीत. अक्काचं स्थळ जमलं, सुपारी फुटली, लग्नाची तयारी सुरू झाली.

हमीदाखाला दर गुरुवारी मोहताजखान्यात नियाजचं, म्हणजे पीराच्या नावाने वाटायचं, जेवण घेऊन जायच्या. जालन्यातच, गावाच्या कडेला, निराधारांसाठी ती एक लांबलचक पडवीची जागा होती. रस्त्यावर सापडलेली माणसं, हिंदू-मुसलमान सगळी, तिथे ठेवायचे. एका गुरुवारी खाला रिकामं भांडं तसंच हातात धरून, बुरख्याचा पडदा वर टाकून धावत आमच्या मागच्या दारात आल्या.

"भाबी! तुम्हारा दत्तू जिंदा है! अल्ला कसम, मैं अपनी आँखाँ से देख को आई! मेरेकू देखा और बोला, खाला. बराबर खाला बोला!"

बाई तांदूळ निवडत होती. ती उठली नाही. सूप मांडीवर तसंच ठेवून तिने खालांकडे बघत विचारलं, "बारीक झालाय का गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आणि खाला त्याला घेऊन आले. गंगेवरून तो जालन्यात कसा पोचला हे त्याला कधीच सांगता आलं नाही. दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी ढगळ कुडता. गल्लीत शिरल्याबरोबर त्याची चाल बदलली, तो जवळजवळ पळत आमच्या पायरीशी आला. आत जातं चालू होतं. तो पायरीवर पाय ठेवणार तोच अण्णा दारात आडवे हात करून उभे राहिले.

"थांब. बाई, पुढं येऊ नको. शिवू नको त्याला. त्याची क्रिया झालीय."

"तू केलीस," बाई आतून म्हणाली. "मी न्हाई केली. सर बाजूला."

"शास्त्राप्रमाणं तो मेलेला आहे. मेलेला माणूस घरात घेतला तर घराचं काय होतं, विचार गुरुजींना."

"मेलाय तर त्याला विचार की, मेलास का म्हनून! समोर तर हाये!"

चाचा हात जोडून म्हणाले, "वकीलसाब, गुस्ताखी माफ. बच्चा भूका है. पहले रोटी, फिर शास्तर." अण्णांचे हात आडवेच राहिले. दत्तूकाका एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. मग त्याने अण्णांच्या हाताखालून आत बोट दाखवलं आणि विचारलं, "जाऊ?" मी पाणी भरलेला तांब्या घेऊन अण्णांच्या मागे उभी होते. मी आता म्हातारी झाले, पुष्कळ अन्याय पाहिले, रझाकारांचे दिवसही पाहिले; पण तो आडवा हात आणि तो प्रश्न आठवला की माझ्या कानशिलात अजून ठोके पडतात.

गुरुजींना बोलावलं गेलं. त्यांनी सांगितलं ते अण्णांच्या अपेक्षेत बसणारं नव्हतं. ते म्हणाले, अशी चूक पूर्वीही लोकांकडून झालेली आहे आणि शास्त्रात तिची सोय आहे. ज्याची क्रिया झाली तो जिवंत परत आला, तर त्याचा पुन्हा जन्म करायचा. तुपाच्या पात्रात बसवायचं, तिथून नुकत्या जन्मलेल्या मुलासारखं न्हाऊमाखू घालून बाहेर घ्यायचं, बारसं करायचं. "मंग तो घरचा. एका सकाळचं काम हाये, वकीलसाहेब."

"बाप्याला पाळण्यात घालायचं?" अण्णा म्हणाले. "गाव हसेल."

"हसू दे की," बाई म्हणाली. "पाळणा मीच म्हनीन. आवाज हाये मला."

अण्णा म्हणाले, "बिलकुल करू. मी नाही म्हणतच नाही. पण लग्नानंतर." आणि सगळे गप्प बसले, कारण अक्काच्या सासरी सांगितलेलं सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. तोवर दत्तूकाका चाचांच्या ओसरीवर राहिला. त्याला पलीकडचं काही खाऊ घातलं असं कुणी म्हणू नये म्हणून बाई स्वतःच्या हातची भाकरी-आमटी भिंतीवरून खालांकडे द्यायची आणि खाला ती पदराने धरून त्याच्यापुढे ठेवायच्या. आपली भांडी त्या लांब सरकवून ठेवायच्या. एवढी काळजी घेतली खालांनी. आणि बाईने लोणी कढवून तुपाचा एक डेरा भरायला घेतला. रोज त्यात डोकावून बघायची. लग्नाच्या आठवड्यात आचारी बुंदी पाडायला बसले, तूप कमी पडलं, आणि अण्णांनी तो डेरा काढून दिला. पाहुणे येणार म्हणून दत्तूकाकाची पुन्हा मोहताजखान्यात रवानगी झाली. आमच्या बहिणीच्या लग्नात त्याच्या जन्माच्या तुपातले लाडू आम्ही सगळ्यांनी खाल्ले. मी खाल्ले. चांगले झाले होते.

लग्नानंतर झालं काय, तर अक्काची पहिली दिवाळी आली. मग तिचं डोहाळजेवण. मग अण्णांचा एक मोठा खटला. कोणताच दिवस बरोबर नसायचा. आणि वर एक नवीन कारण सापडलं: दत्तू मुसलमानाच्या ओसरीवर राहिला, आता त्याला नुसतं तूप चालणार नाही, प्रायश्चित्त लागेल. पुढे मोहताजखान्यात माणसं फार झाली, आजार पसरला, तेव्हा चाचांनी, ते मिशनच्या दवाखान्याचे कपडे शिवायचे, तिथे शब्द टाकला आणि दत्तूकाकाला मिशनच्या निराधार घरात जागा मिळाली. ते त्याचं तिसरं घर. तेव्हा अण्णा म्हणाले, आता तर तो बाटलाच. बाई खांबाला टेकून बसली होती. तिने शांतपणे विचारलं, "अण्णा, तू कोर्टात बोलतोस, मला एवढं समजावून सांग. मेलेला मानूस बाटतो कसा?" माझ्या आईने तोंडात पदर कोंबला आणि ती चुलीपाशी पळाली. ती हसत होती की रडत होती मला कळलं नाही.

गंमत अशी, की मिशनच्या अन्नाने काका बाटत होता, पण मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकून मी बाटत नव्हते. वकिलाच्या मुलीला इंग्रजी यावं ही अण्णांचीच इच्छा. शाळेचं आवार आणि ते घर यांच्यामध्ये फक्त मोसंबीची थोडी झाडं होती, त्यामुळे मी त्याला रोज पाहायचे. त्या घराबद्दल मला खरं तेच लिहायचं आहे. ते स्वर्ग नव्हतं. माणसं भांडायची, आंधळा एक म्हातारा सतत शिव्या द्यायचा, रविवारी प्रार्थनेला बसावंच लागायचं आणि काका तिथे झोपायचा. पण त्याच्या पायाला दोर नव्हता. त्याची खाट त्याची होती. मारुती नावाचा एका पायाने अधू असलेला माणूस त्याचं धोतर नेसवून द्यायचा आणि त्या बदल्यात काका त्याला हाताला धरून फिरवायचा. तिथे एक जातंही होतं आणि कुणी दार लोटत नव्हतं. मी खिडकीशी गेले की तो उठून उभा राहायचा, घराच्या दिशेला मान वळवायचा आणि विचारायचा, "आता?" मी म्हणायचे, "आता नाही, काका. सण झाला की." तो मान हलवून परत खुंटा धरायचा. अण्णांनी सांगितलेलं कारण मी त्याच्यापर्यंत पोचवत होते. आठवड्यातून एकदा बाई माझ्याबरोबर यायची. ती त्याला शिवायची, कुरवाळायची, नखं काढायची, आणि घरी येऊन गुपचूप आंघोळ करायची, म्हणजे अण्णांना वाद घालायला जागा राहू नये.

असं किती चाललं? माझी मॅट्रिक जवळ येईपर्यंत. त्या वर्षीच्या महालक्ष्म्या मला शेवटपर्यंत विसरता येणार नाहीत. तिकडे तुम्ही गौरी म्हणता. आमच्याकडे या सणासारखा सण नाही. आदल्या दिवशी उभ्या केलेल्या महालक्ष्म्या, खणाच्या चोळ्या, हार, समोर फराळाची आरास. आणि जेवणाच्या दिवशी पुरणाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत. त्यात अक्का माहेरपणाला आलेली, आणि अक्काचे सासरे, म्हणजे अण्णांचे व्याही, काही कामासाठी जालन्यात आलेले, म्हणून त्यांना जेवायचं आमंत्रण. उंच, पांढऱ्या मिशांचे, थोडे बहिरे गृहस्थ. अण्णा सकाळपासून सोवळं नेसून आतबाहेर करत होते. आई पुरण वाटत होती, मी वेलदोडे कुटत होते.

दारात मारुती आला. कुबडी टेकून पायरीखालीच थांबला.

"मालक, दत्तूभाऊ गेले. पहाटं. ताप आल्ता चार-दोन दिसापासून, उतरला न्हाई. सायेब इचारून राह्यलेत, घरचे येतेत का आमी करावं?"

पाट्यावरचा आईचा हात थांबला. अण्णांना आम्ही आतून पाठमोरे पाहत होतो. त्यांनी सोवळं सारखं केलं. मग अगदी कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "आमचा दत्तू गंगेत गेला. त्याला वर्षं झाली. तुमचा कुणी दुसरा असेल."

मारुतीने त्यांच्याकडे पाहिलं. "बरं मालक," एवढं म्हणाला, आणि वळून चालायला लागला. त्याची कुबडी फरशीवर वाजत गेली.

बाई देवघराशी फुलवाती करत होती. तिने ऐकलं होतं. तिने वाती खाली ठेवल्या, उठली, न्हाणीत गेली आणि डोक्यावरून पाणी ओतल्याचा आवाज आला. ओल्या लुगड्यानिशी ती बाहेर आली, माजघराच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, जमिनीवर बसली. "मला सुतक हाये," ती म्हणाली. "कुनी शिवू नका."

अण्णा आत आले. "कसलं सुतक? बाई, व्याही येतील आता. उठ, कोरडं नेस. महालक्ष्म्या उभ्या आहेत घरात."

"उभ्या हायेत तर त्यांनी ऐकलं आसंल तू काय बोललास ते."

"तुला एकटीला कसं सुतक असेल? घरात कुणाला नाही—"

"मलाही आहे," मी म्हणाले, आणि वेलदोड्याचा खलबत्ता बाजूला ठेवून बाईजवळ जाऊन बसले. धीट होते म्हणून नव्हे. माझे पायच तिकडे गेले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग आईकडे, म्हणजे निदान ती तरी काही बोलेल, आम्हांला उठवेल. माझी आई आयुष्यात कधी त्यांना उलट बोलली नव्हती. तेव्हाही बोलली नाही. तिने पाट्यावरचं पुरण गोळा करून भांड्यात भरलं, त्यावर झाकण ठेवलं, चुलीतली लाकडं मागे ओढली आणि त्यांवर पाणी शिंपडलं. धूर झाला. सुतकात नैवेद्य होत नाही. मग ती येऊन बाईच्या दुसऱ्या बाजूला बसली.

त्या धुरातच व्याही आले. जोडे काढले, घरात वास पुरणाचा आणि चुली थंड, बायका खाली जमिनीवर. त्यांनी विचारलं, "काय झालं अण्णासाहेब? सुतक वगैरे आलं का? कुणाचं?"

जो एक प्रश्न टाळायला अण्णांनी बाहुला जाळला, तूप लाडवांत घातलं, दारात हात आडवा लावला, तो प्रश्न त्यांच्या पुढ्यात उभा होता. ते म्हणाले, "तसं काही... लांबचं कुणी..."

"माझ्या धाकट्या ल्योकाचं," बाई मोठ्याने म्हणाली, बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "दत्तूचं. तुमाला गंगेत गेला म्हनून सांगितलं ना, त्याचंच. आज पहाटं गेला. भोळा होता. मिशनच्या घरात ठिवला होता. तुमच्या भ्यानं."

अक्का माडीच्या जिन्यात उभी होती, तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. व्याह्यांनी कानाला हात लावून सगळं ऐकलं. मला वाटलं आता ते अक्काला म्हणतील, चल, सामान बांध. ते अण्णांकडे वळले.

"देह कुठंय?"

"मिशनच्या... तिथंच आहे अजून."

"मंग हितं काय करून राह्यलात?" ते म्हणाले. त्यांनी उपरणं कमरेला बांधलं आणि काढलेले जोडे पुन्हा पायांत घातले. "माझा एक चुलता तसाच होता. आमी तर त्याला हातानं भरवायचो. चला लवकर, ते लोक उरकून टाकतील."

हे वाक्य मी इतक्या वर्षांत कितीदा मनात घोळवलं असेल. लोकांना मी ही हकिगत सांगितली की ते म्हणतात, बघा, माणसं मुळात चांगली असतात. मला नेमका त्याचाच संताप येतो. चांगलाच होता ना तो माणूस? मग अक्काच्या लग्नाआधी एकदा, फक्त एकदा, त्याला विचारायला काय झालं होतं? ज्याच्या भीतीने माझा काका तीन घरं फिरला, त्याला पायांत जोडे घालायला लागला तेवढाच वेळ या सगळ्याचा निकाल लावायला लागला. शास्त्र आडवं आलं नव्हतं. गुरुजींनी वाट दाखवली होती. मुसलमान शेजारी, मिशनवाले, कुणी आडवं आलं नव्हतं. आमच्याच दारातला आमचाच हात आडवा होता, आणि त्यालाच पुढे आम्ही एकत्र कुटुंब म्हणालो.

ते दोघे गेले. चाचाही मशीन बंद करून मागून गेले. उन्हं कलल्यावर परत आले ते नदीवर आंघोळ करूनच. व्याही पायरीवर बसले, अण्णा त्यांच्या मागे, खाली मान घालून, ओले. व्याही म्हणाले, त्या घरच्या माणसांनी त्याला न्हाऊ घालून, धोतर नेसवून ठेवलं होतं, आणि खांदा द्यायला तेच पुढे झाले, मारुतीसुद्धा कुबडी टाकून. अग्नी अण्णांनी दिला. बाईने कडुनिंबाची पानं आणि पाण्याचा तांब्या नेऊन व्याह्यांच्या हातावर पाणी घातलं, चाचांना हाक मारून त्यांच्याही हातावर घातलं. अण्णांनी ओंजळ पुढे केली. बाई तांब्या खाली ठेवून आत निघून गेली. त्यांना पाणी माझ्या आईने दिलं.